साथीचा खर्च आणि गावाची तिजोरी

१८९७ च्या फेब्रुवारीत, मुंबईत ग्रंथिज्वराने हाहाकार उडविलेला असताना, कलकत्त्याच्या विधिमंडळाने साथरोगांसंबंधीचा जो कायदा घाईघाईने संमत केला तो अवघ्या चार कलमांचा होता. आणि त्या चार कलमांनी सरकारच्या हाती केवढी सत्ता दिली, घराघरांत शिरण्याचा, माणसे उचलून नेण्याचा, आगगाडीचे उतारू अडविण्याचा अधिकार त्यांतून कसा निघाला, पुण्यात रँडसाहेबाच्या अंमलात त्या अधिकाराचे काय झाले आणि त्याची परिणती गणेशखिंडीच्या रस्त्यावर कशी झाली, याविषयी मराठीत इतके लिहिले गेले आहे की त्यात भर घालण्याचे प्रयोजन नाही. परंतु त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाच्या शेपटाशी एक लहानसे वाक्य आहे, त्याची दखल फारशी कोणी घेतलेली दिसत नाही. साथ आवरण्यासाठी जो खर्च होईल, नुकसानभरपाई द्यावी लागल्यास तीही धरून, तो कोणी आणि कोणत्या रीतीने सोसावयाचा हे सरकारने ठरवावे, एवढाच त्या वाक्याचा आशय. दंडुक्याची सत्ता ज्या कलमात दिली, थैलीची सत्ताही त्याच कलमात, जवळजवळ एका दमात दिली गेली. आणि १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने हाच कायदा पुन्हा लागू केला, तेव्हा हे वाक्यही सव्वाशे वर्षांची झोप सोडून त्याच्याबरोबर उठून बसले.

खर्च कोणी सोसावा, याची चर्चा केंद्र आणि राज्ये यांच्यात अधूनमधून तरी होते. तो पैसा हाती केव्हा पडावा, याची चर्चा मात्र होत नाही. ती कारकुनी बाब समजून लेखाधिकाऱ्याच्या मेजावर सोडून दिली जाते. ‘आधी तुम्ही खर्च करा, मग पावत्या जोडून मागणीपत्र पाठवा, मग आम्ही तपासून परतफेड करू’ ही रीत आपल्याकडे हिशेबी शहाणपणाची पराकाष्ठा मानली जाते, आणि शांततेच्या काळात तिच्यात गैर असे फारसे काही नाहीही. पण साथीच्या काळात ही रीत निःपक्षपाती राहत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याला ती कर्ता करते, ज्याच्या नाही त्याला अर्जदार करते. आणि रोगाला अर्जाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याची सवय नसते.

प्रथम कायद्याची रचनाच पाहावी. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या ४१ व्या कलमाने स्थानिक प्राधिकरणांवर, म्हणजे नगरपालिकांवर आणि पंचायतींवर, कर्मचाऱ्यांना तयार ठेवण्याची, साधनसामग्री सज्ज राखण्याची आणि आपत्ती ओढवल्यावर मदतकार्य पार पाडण्याची कर्तव्ये घातली आहेत. त्याच कायद्याच्या ४८ व्या कलमात निधी स्थापन करण्याची तरतूद आहे, आणि तेथे राज्याचा निधी व जिल्ह्याचा निधी एवढ्या दोनच पायऱ्या सांगून कायदा थांबतो. कर्तव्य गावापर्यंत उतरते, थैली जिल्ह्याच्या ठिकाणीच मुक्काम करते. ही केवळ नजरचूक असेल असे मला वाटत नाही. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने स्थानिक संस्थांना ‘स्वराज्य’ म्हटले, त्यांच्यासाठी एकोणतीस आणि अठरा विषयांच्या दोन अनुसूची जोडल्या, सार्वजनिक आरोग्य हा विषयही त्यांत आणला, पण ज्यांच्या हाती विषय दिले त्यांच्या हाती त्या विषयांपुरता पैसा देण्याचे धैर्य त्यानंतरच्या तीन दशकांत कोणत्याही पक्षाच्या सरकारला झालेले नाही.

२०२० च्या मार्चात काय घडले? १४ मार्चला केंद्रीय गृहमंत्रालयाने कोविड ही आपत्ती समजून राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून खर्च करण्याची मुभा दिली. विलगीकरणासाठी वार्षिक तरतुदीच्या पंचवीस टक्के आणि यंत्रसामग्रीसाठी दहा टक्के अशी मर्यादा घातली. (त्याच दिवशीच्या पहिल्या पत्रात मृतांच्या वारसांना चार लाख रुपये देण्याची तरतूद होती, ती सायंकाळ होईतो सुधारित पत्राने नाहीशी झाली, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केल्यावर २०२१ मध्ये पन्नास हजारांवर प्रकरण मिटले.) एप्रिलच्या आरंभी केंद्राने सर्व राज्यांना मिळून ११,०९२ कोटी रुपयांचा पहिला हप्ता दिला, त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला १,६११ कोटी आले, आणि सप्टेंबरात पस्तीस टक्क्यांची एकूण मर्यादा पन्नास टक्के करण्यात आली. इकडे राज्याच्या वित्त विभागाने ४ मेच्या निर्णयाने विभागांच्या खर्चाला एवढी कात्री लावली की अंदाजपत्रकातील तरतुदीचा तेहतीस टक्के हिस्सा तेवढा हाती राहिला. हे सारे आकडे वरच्या दोन मजल्यांवरचे आहेत. तळमजल्यावर काय चालले होते ते पाहण्यासाठी कोकणात उतरावे लागते.

मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी गावाकडे निघाले आणि गावोगावच्या जिल्हा परिषद शाळा रातोरात विलगीकरण कक्ष झाल्या. शाळेत बाके होती, फळा होता. पंखा एखादाच, न्हाणीघर नाहीच. कोणीतरी पत्रे आणून आडोसा केला, कोणीतरी पाण्याची टाकी आणली, मंडपवाल्याने गाद्या आणि चादरी दिल्या, किराणावाल्याने तांदूळ, डाळ, साबण आणि फिनेल दिले, टेंपोवाल्याने फेऱ्या मारल्या, आणि फवारणीच्या औषधाचे कॅन तालुक्याच्या ठिकाणाहून आले. हा सर्व खर्च ग्रामपंचायतीच्या नावाने मांडलेला, पण ग्रामपंचायतीने दिलेला नव्हे. कारण तो द्यावयाचा तर आधी मासिक सभेचा ठराव हवा, आणि सभा घेण्यास तर मनाई; तीन दरपत्रके हवीत, आणि बाजारपेठ तर बंद; लेखाशीर्ष हवे, आणि साथीचे लेखाशीर्ष तर अंदाजपत्रकात कोणी धरलेलेच नाही. ग्रामसेवकाने धीर करून खर्च केलाच, तर त्याला गटविकास अधिकाऱ्याची कार्योत्तर मंजुरी मिळवावयाची. ती मिळाली तर मागणी जिल्ह्याला. जिल्ह्याकडे निधी बीडीएस या निधिवाटपाच्या संगणकप्रणालीवर आलेला असला तर वितरण. आणि एवढे होऊनही दोन-तीन वर्षांनी स्थानिक निधी लेखापरीक्षेचा माणूस येऊन ‘दरपत्रके न मागविता खरेदी, रक्कम वसूलपात्र’ असा शेरा मारील ही टांगती तलवार कायमच. वसूलपात्र म्हणजे सरपंचाच्या आणि ग्रामसेवकाच्या खिशातून. ज्याला नियमांची जाण आहे तोच या व्यवस्थेत सर्वांत आधी हात आखडता घेतो. पुढे होतो तो एक तर निष्काळजी, नाही तर विलक्षण सज्जन.

आणि पुढे झालेल्याने केलेला खर्च तरी वस्तुतः कोणाचा? परतफेडीच्या पद्धतीविषयी बोलताना आपण असे गृहीत धरतो की खालच्या संस्थेने पैसे घातले आणि वरच्या संस्थेने ते भरून दिले. परंतु ज्या ग्रामपंचायतीचे घरपट्टी-पाणीपट्टीचे वार्षिक उत्पन्न, समजा, चार लाख रुपये आहे आणि त्यातूनही दिवाबत्तीचे बिल व शिपायाचा पगार भागवावा लागतो, तिच्याजवळ घालायला पैसे होतेच कोठे? पैसे घातले किराणावाल्याने, मंडपवाल्याने आणि टेंपोवाल्याने. सरकारला साथीच्या पहिल्या महिन्यांत सर्वांत मोठे बिनव्याजी कर्ज कोणी दिले असेल, तर ते मोठ्या बँकांनी नव्हे, वीस घरांच्या उधारीच्या वहीवर जगणाऱ्या या माणसांनी दिले, आणि तेही अशा वेळी की लग्नसराई बुडालेली, जत्रा बंद, आणि एस.टी.चे दुकानासमोरचे थांबे ओस पडलेले. त्यांच्यापैकी कितीजणांचे बिल कोणत्या मार्चअखेरीस निघाले याचा हिशेब कोणत्याही अहवालात सापडणार नाही, कारण अहवाल परतफेड झालेल्या रकमांचे असतात; वाट पाहिलेल्या दिवसांचे नसतात.

याच्या उलट मुंबई महानगरपालिका पाहावी. जकात गेली, पण तिच्या जागी वस्तू व सेवा कराच्या भरपाईची रक्कम कायद्याने बांधून मिळाली. बँकांतील मुदतठेवी हजारो कोटींच्या घरात. तिने गोरेगावात प्रचंड तात्पुरते रुग्णालय उभारले, धारावीत दारोदार माणसे पाठविली, आणि हे करताना तिला कोणाच्या मागणीपत्राच्या उत्तराची वाट पाहावी लागली नाही. मुंबईने केले ते उत्तमच केले. त्याबद्दल असूया धरण्याचे कारण नाही. पण ‘झालेल्या खर्चाची शंभर टक्के परतफेड’ असे उदार वचन सरकारने सर्वांना सारखेच दिले असते, तरीदेखील मुंबईला कोट्यवधींची परतफेड आणि मराठवाड्यातील एखाद्या ‘क’ वर्ग नगरपरिषदेला जवळजवळ शून्याची परतफेड मिळाली असती, कारण शून्य खर्चाची शंभर टक्के परतफेड शून्यच होते. मग कागदावरून असाही निष्कर्ष निघाला असता की मुंबईत गरज मोठी होती आणि त्या नगरपरिषदेत नव्हती. गरिबी स्वतःच आपल्या गरजेचा पुरावा पुसून टाकते, हा या पद्धतीचा सर्वांत सूक्ष्म आणि म्हणूनच सर्वांत घातक दोष होय.

त्याला जोडून दुसरा दोष असा की परतफेड खर्चाची होते, बुडालेल्या उत्पन्नाची होत नाही. आठवडेबाजार बंद म्हणून बाजारफी नाही, लोकांच्या हाती पैसा नाही म्हणून घरपट्टी थकलेली, व्यापारी गाळ्यांचे भाडे अडकलेले. नगरपालिकेचा खर्च वाढला त्याच महिन्यात तिची आवक आटली. आपत्ती निधीतून करावयाच्या खर्चाच्या केंद्राच्या यादीत नमुने घेणे होते, प्रयोगशाळा होत्या, विलगीकरण होते; गळालेल्या आवकेला यादीत स्थान नव्हते.

खालून वर वाहणाऱ्या पैशाचे एक उदाहरण तर असे आहे की ते नसते तर कोणी रचूनही सांगितले नसते. चौदाव्या वित्त आयोगाचे अनुदान २०१५ ते २०२० या काळात थेट ग्रामपंचायतींना मिळत होते, आणि त्या रकमांवर बँकेत व्याज साचले होते. २०२० च्या उन्हाळ्यात, जेव्हा ग्रामपंचायतींच्या हाती मोकळा म्हणावा असा हाच काय तो पैसा होता, तेव्हा ग्रामविकास विभागाने तो व्याजाचा पैसा जिल्हा परिषदेकडे भरण्यास सांगितले. कशासाठी, तर ग्रामीण जनतेला ‘आर्सेनिकम आल्बम ३०’ या होमिओपॅथीच्या गोळ्या वाटण्यासाठी. त्या गोळ्यांच्या गुणावगुणांचा वाद वैद्यांनी घालावा. मला दिसते ते एवढेच की मदत खाली येण्याची वाट पाहणाऱ्या संस्थेच्या गाठीची शिल्लक वर मागविण्यात आली. १९०२ साली केंद्रीय विधिमंडळातील आपल्या पहिल्या अंदाजपत्रकीय भाषणात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी, दुष्काळ आणि प्लेग यांनी प्रजा गांजलेली असताना सरकारने शिलकी अंदाजपत्रकाचा अभिमान बाळगावा यावर जो प्रखर आक्षेप घेतला, तो घेताना त्यांच्यासमोर परकी राजवट होती. त्याच सुमारास पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळणाऱ्या त्या गृहस्थाला वरची तिजोरी आणि खालची तिजोरी यांतील अंतर चांगले ठाऊक होते. राजवट बदलली, अंतर बदलल्याचा पुरावा मला तरी मिळालेला नाही.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की सरकारलाही हा दोष कधीकधी जाणवतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपये सुचविले, पण त्यातील साठ टक्के पाणी आणि स्वच्छता यांना बांधून टाकले. उरलेले चाळीस टक्केच मोकळे. दुसरी लाट ऐन भरात असताना, मे २०२१ मध्ये, केंद्राने या मोकळ्या हिश्शाचा ८,९२३.८ कोटींचा हप्ता पंचवीस राज्यांना मुदतीआधी दिला, आणि पंचायतींचे हिशेब संकेतस्थळावर चढविलेले असलेच पाहिजेत ही अट त्या हप्त्यापुरती बाजूला ठेवली. हे उचित झाले. पण ज्या अटीविना आणीबाणीत चालते, ती अट आगाऊ पैसा देण्याच्या आड एरवी तरी का यावी, हा प्रश्न कोणी विचारला नाही. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने ‘कोरोनामुक्त गाव’ स्पर्धा जाहीर केली. प्रत्येक महसूल विभागात पहिल्या गावाला पन्नास लाख, दुसऱ्याला पंचवीस, तिसऱ्याला पंधरा. सहा विभागांत अठरा गावे. हिवरे बाजारासारख्या गावांनी शिस्तीने साथ आटोक्यात आणली त्यांचे कौतुक व्हावेच. पण राज्यातील सत्तावीस हजारांहून अधिक ग्रामपंचायतींत अठरांना बक्षीस हे धोरण साथनिवारणाचे की शर्यतीचे? आधीच संघटित असलेल्या गावाला युद्ध जिंकल्यावर दारूगोळा देण्यासारखे ते झाले.

आगाऊ पैशाने काय होते हे नंदुरबारने दाखविले. २०२० च्या पावसाळ्याअखेर, पहिली लाट उतरणीला लागली असताना आणि प्राणवायूचा प्रकल्प ही अनाठायी उधळपट्टी वाटावी अशा वेळी, तेथील जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांनी जिल्हा नियोजनाचा निधी, आपत्ती निधी आणि खाजगी कंपन्यांची मदत यांची सांगड घालून प्राणवायूनिर्मितीचा प्रकल्प उभा केला. दुसऱ्या लाटेत मोठमोठी शहरे टँकरची वाट पाहत होती तेव्हा हा आदिवासी जिल्हा सावरून उभा होता. येथे अधिकाऱ्याची दूरदृष्टी मोठीच. तथापि तिच्याइतकेच महत्त्वाचे हे की त्याच्या हाताशी असा पैसा होता ज्याचा खर्च रोगी दारात येण्यापूर्वी करता येत होता. परतफेडीच्या पद्धतीत प्रतिबंधाला जागाच नसते. जे टळले त्याची पावती कोण देणार? आणि असा पैसा जिल्हाधिकाऱ्याजवळ असतो, नगराध्यक्षाजवळ किंवा सरपंचाजवळ नसतो, हेही नंदुरबारच्या यशात दडलेले आहे.

परदेशांतही हा धडा एका फटक्यात कोणी शिकले नाही. अमेरिकेने २७ मार्च २०२० च्या कायद्याने राज्ये व स्थानिक शासने यांना १५० अब्ज डॉलर दिले, पण पाच लाखांहून अधिक वस्तीच्या स्थानिक संस्थांनाच थेट पैसा. बाकीच्यांनी राज्याकडे पाहावे. खर्च साथीमुळेच झालेला आणि आधीच्या अंदाजपत्रकात नसलेला असावा, आणि बुडालेले उत्पन्न त्यातून भरून काढू नये, अशाही अटी होत्या. वर्षभरात चूक उमगली. ११ मार्च २०२१ च्या दुसऱ्या कायद्याने ३५० अब्ज डॉलर दिले. पन्नास हजारांखालील गावांचा वाटाही लोकसंख्येनुसार ठरला, आणि बुडालेले उत्पन्न भरून काढण्यास परवानगी मिळाली. पुढे तर एक कोटी डॉलरपर्यंतच्या तुटीसाठी आकडेमोडही मागू नये असा नियम झाला. अर्थात् मोकळ्या पैशाने मोकळीक घेतलीच. अलाबामा राज्याने आपल्या वाट्यातील चाळीस कोटी डॉलर तुरुंग बांधण्याकडे वळविले.

येथे माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप येतो, आणि तो टाळण्याजोगा नाही. आगाऊ पैसा म्हणजे लुटीला आमंत्रण. आपत्तीच्या कायद्याचे ५० वे कलम निविदेविना खरेदीची मुभा देते, तिचा लाभ कोणी कसा घेतला हे आपण पाहिले आहे. मुंबई महानगरपालिकेचेच उदाहरण घ्या: २०२२ मध्ये राज्य सरकारने महालेखापरीक्षकांकडे तिच्या कामांची तपासणी सोपविली, मार्च २०२३ मध्ये सुमारे बारा हजार कोटींच्या कामांवरील अहवाल विधिमंडळात आला, पण साडेतीन हजार कोटींच्या आसपासचा कोविडचा खर्च त्यात तपासला गेला नाही, कारण साथरोग कायद्याकडे बोट दाखवून पालिकेने ती कागदपत्रेच दिली नाहीत. म्हणजे ज्या १८९७ च्या कायद्याने खर्च कोणी सोसावा हे ठरविण्याचा अधिकार सरकारला दिला, त्याचाच आडोसा खर्च कोणी तपासू नये यासाठी घेतला गेला.

आक्षेप खरा आहे. निष्कर्ष चुकीचा आहे. पूर्वमंजुरी आणि लेखापरीक्षा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या प्रशासनाने त्यांची अशी गल्लत केली आहे की जेथे लेखापरीक्षा हवी तेथे मंजुरी मागितली जाते आणि जेथे मंजुरीची गरज सरली तेथे लेखापरीक्षाही सोडून दिली जाते. दीड लाखाच्या गाद्या-चादरींसाठी सरपंचाला दहा सह्या गोळा कराव्या लागतात. साडेतीन हजार कोटींचे दप्तर उघडत नाही. शिवाय या तपासणीच्या वेळी मुंबईत निवडून आलेली सभा नव्हती, मार्च २०२२ पासून प्रशासक होता. प्रश्न विचारणारा नगरसेवकच जेथे उरला नाही, तेथे लुटीचा दोष आगाऊ पैशाला देणे म्हणजे कुलूप काढून घेऊन दाराला बोल लावणे होय.

तेव्हा करावयाचे ते असे. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आणि नगरपालिकेच्या स्वतःच्या खात्यात लोकसंख्येच्या प्रमाणात ठरविलेली एक रक्कम कायम असावी; साथ अधिसूचित होताच ती मासिक ठरावाविना, सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या किंवा नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी यांच्या सह्यांनी, तसलमात म्हणून खर्चता यावी; दर आठवड्याचा जमाखर्च कार्यालयाच्या फलकावर लागावा, आणि निर्बंध उठल्यावरच्या पहिल्या ग्रामसभेत तो ओळीओळीने वाचला जावा. लेखापरीक्षकाने दरपत्रके तीन आहेत का हे न विचारता त्या आठवड्यात त्या तालुक्यात त्या वस्तूचा भाव काय होता हे विचारावे, आणि लबाडी आढळली तर निर्दयपणे वसुली करावी. परतफेडीची रीत मोठ्या रुग्णालयांसाठी, यंत्रांसाठी, ज्यांना उधारीवर दिवस काढता येतात अशा संस्थांसाठी राहू द्यावी. बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई लोकसंख्येवरून ठोकळ मानाने द्यावी. तेथे पावत्या मागणे व्यर्थ आहे.

यावर एखादा अनुभवी ग्रामसेवक हसेल, आणि त्याचे हसणे रास्त आहे. स्वतःच्या उत्पन्नातून दहा टक्के महिला-बालकल्याणाला, पंधरा टक्के मागासवर्गीयांना, पाच टक्के दिव्यांगांना राखून ठेवण्याचे आदेश तो आधीच पाळतो आहे. त्यात आणखी एक टक्केवारी आली की चार लाखांच्या पंचायतीत दिवाबत्तीपुरतेही उरावयाचे नाही. म्हणून ही रक्कम त्याच्या उत्पन्नातून कापलेली नको. वित्त आयोगाच्या अनुदानात, बांधील आणि मोकळा या दोन रकान्यांशेजारी तिसरा रकाना करून, वरून आलेली हवी, आणि साथ आली नाही तर तिचे व्याज पंचायतीचेच राहावे, ते वर मागविण्याचा अधिकार कोणत्याही विभागाला नसावा.